सव्वातीन किलोचा पॉम आणि भूल

(दृश्य: कोथरूडमधला दवाखाना, सकाळ. टेबलावर पांढरा पॉम, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रा.)

वय 11, वजन सव्वातीन किलो. तोंडाला वास येतोय म्हणून घरच्यांनी आणलंय. कुत्र्याला 42 दात. लॅब्रॅडॉरला तेवढेच आणि या पॉमलाही. इवल्या जबड्यात ते दाटीवाटीनं बसतात, फटींत अन्न अडकतं, आणि लाळेतल्या क्षारांनी दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा व्हायला लागतो.

हे साफ करायला भूल द्यावी लागते. भूल न देता दात घासून देणारेही भेटतात. दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालचा रोग तसाच राहतो. जागं कुत्रं तिथे अवजार घालूच देत नाही. खालच्या जबड्याचं हाड आतून झिजलेलं असेल, तर दात काढताना ते मोडू शकतं. म्हणून दातांचे एक्स-रे हवेतच.

(दृश्य: रक्ताचा नमुना घेताना.)

‘म्हातारं झालंय, भूल झेपेल का?’ हे वयाला नाही, हृदयाला आणि मूत्रपिंडाला विचारायचं. रक्त, लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक), साखर तपासायची. छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली, तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छोट्या जातींत उतारवयात हृदयाची झडप गळणं नेहमीचं आहे. उपास साधारण सहा तासांचा पुरतो. आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं, तर एवढ्याशा जिवाची साखर उतरते. पाणी मात्र निघेपर्यंत चालतं.

(दृश्य: सलाईनचे थेंब, जवळून.)

किलोमागे तासाला 5 मिली, म्हणजे याला सुमारे 16 मिली. मायक्रोड्रिप सेटवर (बारीक थेंबांची नळी, 60 थेंबांचा 1 मिली) मिनिटाला 16 थेंब. साध्या सेटची वेग आवरणारी चकती जराशी सैल राहिली, तर तासाभराचं पाणी काही मिनिटांत आत जातं, आणि झडप गळत असेल तर ते फुप्फुसांत साठतं. अशा रुग्णाला याहूनही कमी द्यावं लागतं.

श्वासनळीत नळी, तिचा फुगा पुरेसा फुगवलेला. नाहीतर स्केलरचं (दातांवरचा थर काढणारं यंत्र) पाणी फुप्फुसात उतरेल. कुत्रं कुशीवर वळवताना नळी मशीनपासून सोडवायचीच. पीळ बसला तर श्वासनळी फाटते. घशात ठेवलेलं गॉज (जाळीदार कापडाचे तुकडे) आधी मोजायचं आणि शेवटी परत मोजायचं. दात काढायचा असेल तिथली नस बधिर केली, की आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, कमी लागतं आणि रक्तदाब सावरतो. रक्तदाबाचा वरचा आकडा 90 च्या खाली गेला, तर पहिल्यांदा गॅसच कमी करून पाहायचा.

सगळ्यात जास्त दगा देतो तो गारवा. स्केलरचं पाणी मानेखालची केसाळ कातडी भिजवतं, तापमान उतरतं, औषधं शरीरातून लवकर जात नाहीत, जाग लांबते. म्हणून भूल देण्याआधीपासूनच पायांत मोजे, अंगाखाली गरम हवेचं पांघरूण, मानेखाली कोरडा टॉवेल आणि तो दर थोड्या वेळानं बदलायचा. गरम पाण्याची पिशवी अंगाला थेट लावू नका. गुंगीतलं कुत्रं सरकत नाही, कातडी भाजते.

(दृश्य: पिंजऱ्यात डोळे उघडणारा पॉम, शेजारी परिचारिका.)

ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कुत्र्यांच्या भुलीशी निगडित मृत्यूंपैकी जवळपास निम्मे काम संपल्यावर झालेले दिसले, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन तासांत. म्हणून दवाखाना निवडताना एवढं विचारा: काम संपल्यावर याच्याजवळ कोण बसणार?

घरी त्या रात्री गार फरशीवर नको, जानेवारीत तर नकोच. मऊ भात चालेल. घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. हिरड्या भरल्या, साधारण दोन आठवड्यांनी, की मऊ ब्रश आणि कुत्र्यांचीच पेस्ट. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड ते गिळतं.