ट्रॅक्टरच्या पाठीवरची तोफ : झिस-30

ही नळी पाहा. चार मीटरांहून लांब. आणि तिला पाठीवर घेणारा ट्रॅक्टर जेमतेम साडेतीन मीटर!

हा कोमसोमोलेत्स. 1937 पासून सोव्हिएत सैन्यात हलक्या रणगाडाविरोधी तोफा ओढणारा. पुढच्या चिलखती केबिनमध्ये चालक आणि मशीनगन घेतलेला कमांडर. मागे एकमेकांकडे पाठ करून तोफ चालवणारे गोलंदाज बसायचे, उघड्यावरच.

जून 1941. जर्मन रणगाडे सोव्हिएत हद्दीत घुसले. ओढून नेलेली तोफ सोडवून, वळवून, जमिनीत रोवेपर्यंत शत्रू अंगावर आलेला असायचा. 1 जुलैला शस्त्रास्त्र खात्याचे प्रमुख दिमित्री उस्तीनोव्ह यांचं फर्मान निघालं : स्वतः धावणारी तोफ हवी. मुदत पंधरवड्याची.

गोर्की शहरातला 92 क्रमांकाचा तोफांचा कारखाना. तिथले तोफांचे रचनाकार ग्राबिन यांच्या तोफांचं नाव आजही घेतलं जातं. हे काम मात्र मुराव्योव यांच्या गटाचं, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

नवी गाडी घडवायला वेळच नव्हता. त्यांनी 57 मिलीमीटरच्या तोफेची चाकं आणि मागचे लांब पाय काढून टाकले. वरचा भाग ढालीसकट उचलून ट्रॅक्टरच्या इंजिनावरच्या छतावरच बसवला. केबिनच्या टपावर हा आधार दिसतोय? प्रवासात नळी हलू नये म्हणून. आणि मागचे हे घडीचे फाळ. गोळा सोडण्याआधी ते खाली पाडून जमिनीत रुतवायचे, म्हणजे तोफेचा धक्का जमीन झेलते.

ट्रकवर बसवलेला दुसरा नमुनाही तयार होता. गोळा सोडताना तो जास्त स्थिर राहायचा. पण रस्ता सोडून चिखलात ट्रकचा निभाव कसा लागणार? पसंती ट्रॅक्टरला मिळाली.

तर ट्रॅक्टर बनवणंच थांबलेलं! कारखाने रणगाड्यांना जुंपले होते. मग सैन्याकडचेच वापरलेले ट्रॅक्टर परत मागवले, दुरुस्त केले आणि एकेकावर तोफ चढवली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशा सुमारे 100 गाड्या बाहेर पडल्या.

त्या मॉस्कोच्या रक्षणासाठी लढल्या. तोफ जबरदस्त होती. इंजिनावरचा बोजा मात्र पेलण्यापलीकडचा, आणि गोलंदाजांना ढालीखेरीज आडोसा नाही. 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक गाड्या संपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सू-76 ही नवी स्वतः धावणारी तोफ आली. तिची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, ट्रॅक्टरची नव्हती, हलक्या रणगाड्याचे भाग घेऊन ती तोफेसाठीच बांधली होती.