दारू सुटली, सिगरेट राहिली

(व्यसनमुक्ती केंद्राचं आवार. चहाची वेळ. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

दाखल झालेला माणूस पहिल्याच आठवड्यात एक सौदा मांडतो. "दारू सोडतो डॉक्टर, पण सिगरेट तरी राहू द्या." घरचेही मान डोलावतात. दारूनं घर मोडलेलं असतं, सिगरेटनं फक्त शर्टाला वास येतो. हा सौदा किती महाग पडतो, ते मेंदूच्या पांढऱ्या भागात दिसतं.

(मेंदूचा आडवा छेद.)

वरची करडी साल आपल्या ओळखीची. तिच्याखाली जे पांढरट दिसतंय, ते श्वेतद्रव्य. मेंदूचा जवळपास निम्मा भाग हाच. चेतापेशींचे लांब तंतू, आणि त्यांच्यावर मायलिनचे स्निग्ध थर. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर जातो, मायलिन चढलेल्या वेगवान तंतूतून शंभर मीटरपर्यंत. तरुण माणसाच्या मेंदूतले असे सगळे तंतू एकापुढे एक मांडले, तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

(रोम, १९०३.)

एत्तोरे मार्कियाफावा आणि अमिको बिन्यामी हे दोन इटालियन डॉक्टर तीन मृतदेह तपासत होते. तिघेही अट्टल पिणारे. झटके आले, बेशुद्ध झाले, गेले. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तिघांचाही मधोमध नासलेला होता. (हाच मार्कियाफावा, ज्यानं चेल्ली या सहकाऱ्याबरोबर मलेरियाच्या जंतूला 'प्लास्मोडियम' हे नाव दिलं.) हा आजार फार क्वचित होतो. पण दारू थेट या पांढऱ्या जोडणीवर घाव घालू शकते, हे तिथं उघड्या डोळ्यांना दिसलं.

नेहमीच्या पिणाऱ्याचं काय होतं, ते १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर आणि जिलियन क्रिल यांनी मोजलं. शवविच्छेदनात मद्यपींचे मेंदू आक्रसलेले निघाले, आणि घट मुख्यतः श्वेतद्रव्यात होती. ऐकायला वाईट, तरी यात आशेची जागा आहे. मेलेली चेतापेशी परत येत नाही. श्वेतद्रव्य मात्र काही प्रमाणात भरून येतं.

दारूचा मारा दुहेरी असतो. एक तर ती स्वतः विषारी. शिवाय पिणारा जेवत नाही, आणि जे खातो त्यातलं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आतड्यातून नीट शोषलं जात नाही. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन देतात. उलट क्रम झाला, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडू शकतं. ऑस्ट्रेलियानं १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं, ते याच काळजीपोटी.

(डिफ्युजन टेन्सर इमेजिंगचं रंगीत चित्र.)

आता जिवंत माणसाचे तंतू तपासता येतात. हे एमआरआय तंत्र पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतं. उसाच्या सरीत पाणी सरळ पुढं जातं, वरंबा फुटला की आडवं पसरतं. तंतूंचंही तसंच. २०१९ मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या सुमारे नव्वद रुग्णांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. दारू बंद झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांतही बिघाड पुढं सरकतच होता. सुधारणा सावकाश येते, महिन्यांच्या हिशेबानं. नेमक्या याच काळात माणूस सिगरेट वाढवू शकतो.

(धूर. त्यामागं एमआरआयमधले पांढरे ठिपके.)

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि अगदी बारीक असतात. एक बंद झाली, तर शेजारची धावून येईलच असं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो, आणि धूम्रपानानं या धमन्याही बिघडतात. स्कॅनवर दिसणाऱ्या अशा ठिपक्यांमागं बहुतेकदा हीच उपासमार असते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह त्यात भर घालतात.

सॅन फ्रान्सिस्कोत टिमोथी डुराझो आणि डीटर मायरहॉफ यांनी दारू सोडलेल्यांचे दोन गट तुलनेला घेतले, सिगरेट ओढणारे आणि न ओढणारे. दारू दोघांचीही सुटलेली. तरी ओढणाऱ्यांच्या मेंदूतली हानी जास्त होती, आणि पहिल्या महिन्यातली सुधारणा कमी.

मग दोन्ही एकदम सोडायला लावलं, तर माणूस पुन्हा दारूकडं वळेल? ही भीती जुनी आहे, आणि केंद्रांतले अनुभवी लोकही ती बोलून दाखवतात. २००४ मध्ये १९ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. व्यसनावरच्या उपचारांतच सिगरेट सोडायलाही मदत मिळालेले लोक दारू आणि इतर नशांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. सिगरेट मात्र उपचार संपेपर्यंत सुटलेली दिसली. पुढं तो फरक टिकला नाही.