वाळूत थांबायचं कुठं?

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, आणि एवढ्या पावसातही छत्र्या सावरत आलेल्या माझ्या मंडळींनो, नमस्कार.

बाहेर मलप्रभा दुथडी वाहतेय, तुमच्या चपलांना पसाभर चिखल लागलाय आणि मी वाळवंटावर बोलणार. ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा मी म्हटलंसुद्धा, ‘अहो, उन्हाळ्यात तरी बोलवायचं होतं की.’ ते म्हणाले, ‘उन्हाळ्यात वाळवंट कोण ऐकणार?’ मुद्दा पटला, आलो.

मी लेखक नाही, प्राध्यापक नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझं गॅरेज आहे. त्याआधी ११ वर्षं आखातात पर्यटकांची सफारीची गाडी चालवली, आणि त्याच्याही आधी निपाणी भागात उसाची ट्रॉली. गावी आल्यापासून लोक मला एकच विचारतात, ‘वाळूत गाडी किती स्पीडनं मारायचास?’ थांबायचास कुठं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. खरी विद्या तिथं आहे, म्हणून आज तेवढंच सांगतो.

आधी एक फरक समजून घ्या. सुट्टीला गेलेल्या माणसाला वाळवंटात दोन प्रकारे फिरवतात. एकात तुम्ही मागं बसता, ड्रायव्हर अर्धा तास गाडी टेकड्यांवरून उधळतो, बायका किंचाळतात, पुरुष किंचाळत नाहीत पण हँडल सोडत नाहीत, मग तंबूत जेवण आणि नाच. दुसऱ्यात स्टेअरिंग तुमच्या हातात असतं. चार-पाच गाड्यांची रांग, पुढं गाईडची गाडी, शेवटी त्याच्या जोडीदाराची, आणि वायरलेसवरून गाईड सांगत असतो, आता दुसरा गिअर, आता पाय उचल. पहिला प्रकार मी हजारदा केलाय, पोट त्यावरच भरलं. पण मला विचाराल तर तो जत्रेतला पाळणा आहे. वाळवंट दिसतं ते दुसऱ्या प्रकारात.

डांबरी संपते तिथं गाईड पहिलं काम करतो ते हवा सोडण्याचं. रस्त्यावर ३५ पौंड हवा असेल तर मऊ वाळूत १५ ते १८ वर आणतात. पाहुणे घाबरतात, टायर पंक्चर झाल्यासारखा दिसतो. पण हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, रुंदीत थोडाच, लांबीत जास्त. गाडीचं वजन तेवढंच, टेकायला जागा मोठी, म्हणून चाक खाली रुतण्याऐवजी वर चालतं. उंटाचा पाय बघा, गादीसारखा पसरट. आपला बैल त्या वाळूत घातला तर खूर आत जाईल. अडकलंच तर १२ पर्यंत खाली येतात. त्याच्याखाली गेलात आणि जोरात वळवलंत, तर टायर रिमवरून निघून येतो, आणि तो परत बसवताना माणूस आयुष्यात केलेली सगळी पापं आठवतो.

आता टेकडी. इथं भात पिकवणारे बसलेत, त्यांना शिकवायला नको. खळ्यात सुपानं भात ओतला की रास होते. अजून ओता, रास उंच होईल, पण तिचा उतार काही वाढत नाही. एका मर्यादेनंतर दाणे घसरून खाली येतात. वाळूचंही तेच. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू दाबलेली, निवांत चढाची, १०-१५ अंशांची. माथ्यापलीकडं वाळू नुसती सांडत असते, तिचा उतार ३२ ते ३४ अंशांवर थांबतो. ती तुमची भाताची रास. चढायचं दाबलेल्या अंगानं, उतरायचं राशीच्या अंगानं, हा साधा नियम. उलट्या बाजूनं राशीवर चढायला निघालेले शूर पाहुणे मी पाहिलेत. तासभर फावडं मारलं की शौर्य उतरतं.

चढताना वेग लागतो, पण तो खालूनच घेऊन यायचा. अर्ध्यात पाय दाबलात तर चाकं खड्डा खणतात. आणि माथ्याच्या हातभर अलीकडं पाय उचलायचा. हे वाक्य मी वायरलेसवर किती वेळा ओरडलो असेन देव जाणे. माथा तलवारीच्या धारेसारखा असतो. पलीकडं काय आहे दिसत नाही. उंट बसलेला असेल, दुसरी गाडी असेल, नाहीतर नुसता खड्डा. उशिरा पाय उचललात तर गाडी हवेत, लवकर उचललात तर पोट माथ्यावर टेकून गाडी तराजूसारखी डोलते, चारी चाकं बिनकामाची. पलीकडं उतरताना नाक सरळ खाली, लहान गिअर, ब्रेक नाही. मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला तर आपला हात आपोआप ब्रेककडं आणि टेकडीकडं जातो. करायचं नेमकं उलटं: स्टेअरिंग उताराच्या दिशेनं आणि ॲक्सिलरेटर हलकासा. टेकडीला आडवं जाणाऱ्याची गाडी लोळते. आमच्या गाड्यांना आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा असायचा, तो शोभेला नव्हता.

आणि आता थांबणं. मऊ वाळूत करकचून ब्रेक मारला की चाकांपुढं वाळूचा बांध तयार होतो. मग निघताना तुम्हाला स्वतःच बांधलेला बांध ओलांडायचा असतो. म्हणून पाय सोडून द्यायचा, गाडी आपसूक मंदावते. आणि थांबायचं ते नाक उताराकडं करूनच, म्हणजे निघताना वाळवंट तुम्हाला ढकलतं. चांगला गाईड फोटोसाठी थांबतो तेव्हा बघा, त्याची गाडी नेहमी अशी उभी असते की हँडब्रेक सोडला की निघाली. पाहुण्यांना वाटतं सूर्यास्त बघायला थांबलाय. तो सूर्यास्ताच्या आधी तीन थांबे मनात आखून बसलेला असतो.

वेळेचंही तसंच. सकाळी वाळूला दवाचा ओलावा असतो, ती घट्ट राहते. दुपारी ती भुसभुशीत होतेच, शिवाय सूर्य डोक्यावर आल्यावर सावल्या नाहीशा होतात. सावली नाही म्हणजे खड्डा दिसत नाही, सगळं एकसारखं पिवळं. म्हणून भर दुपारी ‘आत्ताच निघू या’ म्हणणारा गाईड भेटला तर मी त्याच्याबरोबर जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

हे शास्त्र काही व्यापाऱ्यांनी काढलेलं नाही, सुट्टीवरच्या माणसांनी काढलं. १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. रजा मिळाली की मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या गाड्या लिबियाच्या वाळवंटात घालायचा. टायरची हवा कमी करणं, सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र, रेडिएटरची वाफ डब्यात साठवून पाणी वाचवणं, हे सगळं त्या टोळक्यानं वापरून बघितलं. रुतलेल्या चाकाखाली घालायला त्यानं कैरोच्या भंगारबाजारातून लोखंडी पन्हाळी उचलल्या. पहिल्या महायुद्धात खंदकाचं छत टेकवायला त्या बनवल्या होत्या. १९४० साली त्याच अनुभवावर त्यानं वाळवंटात दूरवर टेहळणी करणारी लष्करी तुकडी उभी केली, आणि वाऱ्यानं वाळू कशी उडते यावर १९४१ मध्ये पुस्तक काढलं. मंगळावर नासाची गाडी ज्या वाळूच्या टेकड्यांपाशी गेली, त्यांना आज त्याचं नाव आहे.

ही भंगाराची गोष्ट मला फार जवळची. डिसेंबरात पाणंदीत उसाची ट्रॉली रुतली की आम्ही काय करायचो? फडातून पाचट ओढून आणायचं, चाकाखाली सारायचं, ट्रॅक्टर पहिल्या गिअरात. आखातात पहिल्यांदा गाडी रुतली तेव्हा माझा हात सवयीनं पाचट शोधत होता. बरोबरचा केरळचा जोडीदार हसला आणि त्यानं छतावरून दोन पाट्या काढून दिल्या. बॅग्नोल्डच्या पन्हाळीची नातवंडं ती. टोचन लावायचं तर तिथला दोर नायलॉनचा, ताणला जाणारा. तो रबरासारखा गाडीला झटका देऊन काढतो. म्हणून टोचन ताणलं जाताना गाईड सगळ्यांना लांब पिटाळतो. हूक सुटला तर तो गोळीसारखा येतो. आपल्याकडं टोचनाच्या दोरावर पाय देऊन तंबाखू मळणारे लोक मी बघितलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता माझी फजिती. तिथं सबखा नावाचा प्रकार असतो. मिठागरासारखी सपाट जमीन, वर पांढरी खारट पापडी, बघितलं तर क्रिकेट खेळावं अशी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पाहुण्यांना उशीर झाला म्हणून ओरडणाऱ्या साहेबाला खूश करायला मी टेकड्यांचा वळसा सोडून सबख्यावरून सरळ घातली. शंभर पावलं गेलो असेन. पापडी फुटली आणि खाली काळा, वास मारणारा चिखल. गाडी ॲक्सलपर्यंत बसली. वाळूत हवा सोडून निघता येतं, चिखलाला तसली माया नसते. पाहुण्यांमध्ये कोल्हापूरचं एक जोडपं होतं; त्या काकू शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, तुमच्या गावाकडं चिखल नसतोय होय?’ घट्ट जमिनीवरून दुसऱ्या दोन गाड्यांनी टोचन जोडून ओढलं तेव्हा चंद्र वर आला होता. त्यानंतर साहेब कितीही ओरडला तरी वळसा सोडला नाही.

लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे रिकामं. अरबस्तानातलं ‘रुब अल खाली’, म्हणजे रिकामा चतुर्थांश, साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तरी जागा उरते. (हशा) सीमा मात्र रोज वाऱ्याबरोबर सरकेल, निवाडा कोण करणार? तर त्या रिकामपणातही झाडं आहेत. आम्ही जेवायला नेहमी एकाच प्रकारच्या झाडाखाली थांबायचो, तिथले लोक त्याला गाफ म्हणतात. अमिरातीनं ते आपलं राष्ट्रीय झाड ठरवलंय. एकदा बेळगावहून मुलाकडं आलेल्या एक आजी गाडीत होत्या. धाडधूड संपल्यावर त्या झाडाखाली बसल्या, एक डहाळी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, ‘अरे, ही शमी की!’ गणपतीला वाहतो ती. मागच्या सीटवर हुबळीचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, ‘बन्नी, बन्नी!’ आपल्याकडं दसऱ्याला मराठी घरात आपट्याचं सोनं देतात, कानडी घरात बन्नीचं. पांडवांची शस्त्रं जिच्यावर ठेवली ती हीच शमी, आणि राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. आजींनी दोन पानं पदराला बांधली. मी त्या भागात आठ वर्षं जेवत होतो, मला कळलं नव्हतं.

राजस्थानचं नाव निघालं तर सांगतो, कारण तुमच्यातले बरेचजण दुबईपेक्षा जैसलमेरला जातील. शहरापासून ४० किलोमीटरवर सम आहे, तिथं संध्याकाळी जीप, उंट, ढोलक, सगळं एकाच टेकडीवर. गर्दी मला सोसली नाही, पण माझं मन वेगळ्याच गोष्टीनं उडालं. तिथंच ३,१६२ चौरस किलोमीटरचं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यात माळढोक राहतो. आपल्या सोलापुराकडं नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच पक्षी. आता देशात दोनशेपेक्षाही कमी उरलेत. तो अंडं झाडावर घालत नाही, उघड्या माळावर घालतो, बहुतेक वेळा एकच. तुमच्या मौजेच्या जीपला ते अंडं दिसणार आहे का? दुबईत २२५ चौरस किलोमीटरचं राखीव वाळवंट आहे, तिथं मोजक्याच कंपन्यांना ठरलेल्या वाटांवर गाडी नेता येते. ड्रायव्हर म्हणून मला ती वाट कंटाळवाणी वाटायची. तिथं ओरिक्स हरणं गाडीकडं मान वर करूनही बघत नाहीत, हे ध्यानात आल्यावर कंटाळा कमी झाला.

तर बुकिंग करताना स्वस्त-महाग नंतर बघा. आधी विचारा, एका रांगेत किती गाड्या, शेवटच्या गाडीत माहीतगार माणूस आहे का, पाणी माणशी किती, आणि हवा भरायचा पंप बरोबर असतो का. पंपाचं उत्तर जो ‘बघू’ म्हणून देईल, त्याच्याकडं जाऊ नका. परत डांबरीवर आल्यावर १५ पौंडांवर गाडी पळवली तर टायर तापून फुटतो. तो पंप घरघरत चार चाकं भरतो त्याला वीसेक मिनिटं लागतात. पाहुणे चुळबुळ करतात, घड्याळ बघतात. मला तीच वेळ आवडायची, कारण तेव्हाच लोक पहिल्यांदा आपणहून गप्प बसायचे.

काय म्हणता? मागून विचारतायत, पाणंदीतही हवा सोडली तर चालेल का. मामा, आपली काळी माती वाळूसारखी सरकत नाही, ती टायरला धरते आणि नक्षी भरून टाकते. मग टायर कितीही पसरा, तो गुळगुळीत नारळच. थोडा फायदा होईल, पण तुम्ही पंप कुठं घेऊन फिरणार? तुमचं पाचटच बरं. आणि ट्रॉली ज्याच्या फडात रुतली त्यालाच ते ओढायला लावा, मला रात्री फोन करू नका.