गोड्या पाण्यातली तारली

फिलिपाइन्सची राजधानी मनिला मागे टाकून दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटर गेले की रस्ता चढणीला लागतो, हवेत गारवा येतो आणि तागायताय हे टुमदार शहर लागते. मनिलातील कुटुंबे सुटीच्या दिवशी सकाळी निघून येथे येतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. ज्या कड्यावरून हा रस्ता जातो, तो एका प्राचीन ज्वालामुखीच्या प्रचंड कुंडाचा उत्तरेकडील काठ आहे. खाली पसरलेले पाणी म्हणजे ताल सरोवर, आणि त्याच्या मधोमध वर आलेले बेट म्हणजे आजही जागा असलेला ताल ज्वालामुखी. प्रवासी ज्या रेखीव सुळक्याची छायाचित्रे घेतात, तो या बेटावरचा केवळ एक उपशंकू असून मुख्य विवर त्याच्या मागे दडलेले आहे.

कड्यावरच्या एका साध्या उपाहारगृहात, कठड्यालगतच्या मेजावर आम्ही बसलो आहोत. शेजारच्या मेजावर बुलालोचे मोठे पातेले आले आहे. गोमांसाची नळी मज्जेसह तासन्‌तास शिजवून केलेला हा वाफाळता रस्सा तागायतायची खूण मानला जातो आणि बहुतेक लोक त्यासाठीच येथे येतात. आम्ही मात्र मागवली आहे तळलेली तावीलिस.

बोटभर लांबीची, चंदेरी अंगाची ही मासळी पाहताच कोकणातील माणूस तिला तारली म्हणेल, आणि ते चुकीचेही ठरणार नाही, कारण तावीलिस तारलीच्याच कुळातील आहे. फरक एवढाच की तारली समुद्रात थव्याने फिरते, तर तावीलिस आयुष्यभर गोड्या पाण्यात राहते आणि जगाच्या पाठीवर या एका सरोवराखेरीज कोठेही सापडत नाही. मीठ लावून, पिठात घोळवून ती कुरकुरीत तळतात आणि लसूण-मिरची घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून डोक्या-काट्यांसह खातात. तिची चव सौम्य आहे. समुद्राच्या तारलीचा तो तेलकट, उग्र वास हिला नाही.

समुद्राच्या कुळातील मासळी डोंगरांनी वेढलेल्या सरोवरात कशी, या प्रश्नाचा धागा ज्वालामुखीपाशीच जातो. एके काळी हे सरोवर रुंद प्रवाहाने बालायानच्या उपसागराला जोडलेले होते. १७५४ मध्ये ताल अनेक महिने धुमसत राहिला. काठावरची गावे उद्ध्वस्त झाली, राखेने आणि दगडांनी तो प्रवाह बुजत गेला आणि मागे उरली ती पान्सिपित ही अरुंद नदी. पुढे पावसाचे पाणी साठत गेले, तसतसा सरोवराचा खारेपणा ओसरला.

तळलेल्या मासळीसोबत चिंचेच्या आंबट पाण्यात भाज्या घालून केलेले सिनिगांग आणि भात आला आहे. तागालोग भाषेत शेतातील साळीला ‘पालाय’, तांदळाला ‘बिगास’ आणि शिजलेल्या भाताला ‘कानिन’ म्हणतात. ज्यांचे जेवण भातावाचून पुरे होत नाही, त्यांनाच एका धान्यासाठी अशी वेगवेगळी नावे लागतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चवीला मात्र ते ‘लासा’ म्हणतात, आणि या शब्दाचे मूळ आपल्या ‘रस’ या संस्कृत शब्दात आहे. व्यापाराच्या वाटेने, मलायी भाषेतून तो इतक्या दूरवर पोहोचला, याचे आम्हांला जेवताना फार अप्रूप वाटले.

१२ जानेवारी २०२० रोजी हा ज्वालामुखी पुन्हा उसळला. या कड्यावरची छपरे आणि झाडे राखेने माखली, राख मनिलापर्यंत पोहोचली आणि तेथील विमानतळ बंद ठेवावा लागला. कालांतराने उपाहारगृहे पुन्हा गजबजली. तावीलिसपुढचे संकट अधिक संथ आणि म्हणूनच अधिक चिंतेचे आहे. बेसुमार मासेमारी आणि सरोवराचे प्रदूषण यांमुळे तिची संख्या इतकी घटली की २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तशी येथे मार्च आणि एप्रिल या महिन्यांत तावीलिस पकडण्यास बंदी असते.

आज फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आहे. दुपार कलताना धुके वर सरकते, बेट दिसेनासे होते, आणि खाली काठावर कोळ्यांच्या होड्या अजून पाण्यात आहेत.