शुगरची गोळी काविळीवर चालते का?

(बेळगावातील एका वाचनालयात डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या भागात कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरात पहिलं वाक्य येतं, "आधी माळ घालून आणूया." खानापूर असो, निपाणी असो, चिकोडी असो, माळ कुठल्या गावात आणि कुठल्या वारी मिळते हे घरातल्या आजीला पाठ असतं. काड्यांची ती माळ डोक्यावर बसवतात, दिवसागणिक ती लांबत गळ्यात येते, पुढं छातीवर येते, आणि कावीळ उतरली असं ठरतं. मी टिंगल करायला आलेलो नाही, आमच्याही घरात माळ आलेली आहे. पण ती लागू का पडते बघा. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. निरोगी माणसाला घातली तरी लांबते. आणि दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच जाते. (गरोदर बाईला ई झाली तर ती जिवावर बेतू शकते, तिथं माळेसाठी एक दिवसही घालवू नका.) जे दुखणं आपसूक बरं होतं, त्यावर तुम्ही काहीही दिलं तरी गुण येणारच.

हे आधी सांगितलं, कारण ‘शुगरची गोळी काविळीवर चालते म्हणे’ हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. गोळी म्हणजे मेटफॉर्मिन, तुमच्यापैकी निम्म्यांच्या खिशात असेल. आणि कावीळ म्हणजे वर सांगितलेली नव्हे. बी आणि सी हे विषाणू रक्तातून शिरतात आणि वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतात. डोळे पिवळे होतीलच असं नाही. पुष्कळांना कळतं तेव्हा यकृत निबर झालेलं असतं.

आता शुगरचा संबंध कुठून आला? सी विषाणू यकृतातल्या पेशींमध्ये इन्सुलिनचा निरोप पुढं जाऊ देत नाही. त्यामुळं या रुग्णांत मधुमेह जास्त आढळतो. पूर्वी सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या देत. विषाणूच्या एक नंबरच्या जातीसाठी 48 आठवडे. ताप, अंगदुखी, उदासी, रक्त कमी होणं, सगळं सोसायचं आणि तरी निम्म्यांचाच विषाणू जायचा. इन्सुलिनला दाद न देणाऱ्यांत तर त्याहून कमी. मग डॉक्टरांच्या मनात आलं, की आधी इन्सुलिनची वाट मोकळी केली तर इंटरफेरॉनही लागू पडेल का? प्रश्न चांगलाच होता.

पण याचं उत्तर मिळवायचं कसं? त्यासाठी परदेशात जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. मिसोप्रोस्टॉल हे मुळात पोटातल्या अल्सरचं औषध. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव त्यानं थांबतो का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं गेलं. 1620 बाळंतिणी, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला कुठली, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. देणाऱ्या नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं. जादा रक्तस्राव पोकळ गोळीवाल्यांत 12 टक्के झाला, खऱ्या गोळीवाल्यांत 6.4. हे 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पोकळ गोळीवाल्या बायका नसत्या, तर बाकीच्यांचं 6.4 हे कमी की जास्त, कुणी सांगितलं असतं? माळ घालणाऱ्याकडं नेमकी हीच दुसरी रांग नसते.

मेटफॉर्मिनची अशी चाचणी स्पेनमध्ये झाली, निकाल 2009 साली आला. 123 रुग्ण, सगळे एक नंबरच्या जातीचे, सगळ्यांचं शरीर इन्सुलिनला दाद न देणारं. नेहमीचे उपचार सगळ्यांना. अर्ध्यांना वर मेटफॉर्मिन 850 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. विषाणू कायमचा गेला तो मेटफॉर्मिनवाल्यांत सुमारे 53 टक्क्यांचा, दुसऱ्या रांगेत 42. ऐकायला झकास! पण एवढ्या थोड्या माणसांत असा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, म्हणून तो सिद्ध झाला असं म्हणता आलं नाही. जुलाब मात्र मेटफॉर्मिनवाल्यांत जास्त.

नुसत्या बायकांचा हिशेब केला तेव्हा मात्र 58 विरुद्ध 29, म्हणजे दुप्पट. इथंच माणूस फसतो. बायका होत्या पन्नास-पंचावन्न. एकदा आकडे हाताशी आले की बाया-पुरुष, तरुण-म्हातारे, जाडे-बारके अशी कापाकापी करत गेलं तर कुठं ना कुठं छान आकडा निघतोच. तो खरा नसतो असं नाही. त्यावरून नवी चाचणी आखायची असते, औषधाची चिठ्ठी लिहायची नसते. पायोग्लिटाझोन या शुगरच्याच दुसऱ्या औषधाचंही तेच. आधी उपचार फसलेल्यांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात पहिल्या पाचांपैकी एकालाही गुण आला नाही, तर इजिप्तमध्ये चार नंबरच्या जातीवर निकाल चांगला आला. आणि आपल्या देशात बहुतेकांच्या अंगात असते ती तीन नंबरची जात. तिथले आकडे इथं जसेच्या तसे कसे लावणार?

पुढं हा वादच बाजूला पडला. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुविर आलं, थेट विषाणूवरच घाव घालणारं. जोडीला दुसरं औषध घेऊन साधारण बारा आठवडे गोळ्या, आणि शंभरातले नव्वदच्या वर बरे. इंटरफेरॉन गेलं, तसं त्याला मदतनीस शोधायचं कारणही गेलं. 2018 पासून विषाणूच्या काविळीसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. आधी रक्त चढवलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, कुठंतरी एकाच सुईनं अनेकांना टोचलं गेलं असेल, तर सिव्हिलमध्ये जाऊन एकदा तपासून घ्या.

(श्रोत्यांतून: "काय ओ डॉक्टर, मग मला शुगर आहे आणि सी पण आहे, मेटफॉर्मिन बंद करू काय?")

नाही अण्णा, मनानं काहीही बंद करू नका. तुमची गोळी शुगरसाठी आहे, ती त्यासाठीच घ्यायची. यकृत अगदीच खचलं असेल, पोटात पाणी झालं असेल, तर ती चालू ठेवायची का हे डॉक्टर बघतील. तुमच्या बाबतीत खरी गंमत उलटी आहे. विषाणू गेला की इन्सुलिनची वाट मोकळी होते आणि पुष्कळांची साखर खाली येते. जुन्याच डोसात गोळ्या किंवा इन्सुलिन चालू राहिलं तर ती नको इतकी उतरू शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, असं झालं तर लगेच साखर तोंडात टाका आणि दवाखाना गाठा. सीच्या गोळ्या सुरू करायच्या आधीच शुगरच्या डॉक्टरांना तसं सांगून ठेवा, आणि त्या बारा आठवड्यांत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.