‘लेडी मॅडोना’ची दुसरी बाजू

नमस्कार श्रोतेहो. साठी-सत्तरी उलटलेल्या, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्या उभ्या इंग्रजी गाणी ऐकून, खिसा चाचपून तबकडी परत ठेवणाऱ्या मित्रांशी आज मला मुद्दाम बोलायचं आहे. बीटल्स या इंग्लिश गटाचं ‘लेडी मॅडोना’ तुम्हाला तोंडपाठ असेल. मार्च १९६८ मध्ये आलेली ती सात इंची तबकडी, म्हणजे सिंगल. पियानो सुरू झाला की पाय आपोआप ठेका धरतो. पण ती उलटून किती जणांनी लावली? मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ होतं, आणि त्यातलं एकूण एक वाद्य आपल्या मुंबईत वाजलेलं आहे.

त्याच वर्षीच्या जानेवारीत बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला मुंबईत आला होता. फोर्टात, फिरोजशाह मेहता रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता. स्टिरिओ मुद्रणाचं यंत्र कंपनीच्या भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून आणलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड या रॉक गटाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम तिथे गाजला तो त्यांच्याच कारकिर्दीत. यंत्र आलं, पण बाहेरची रहदारी काही थांबेना, ती टेपवर उतरायचीच. चित्रपटाचं काम हातावेगळं होत आल्यावर हॅरिसनने तिथेच आणखी काही तुकडे वाजवून घेतले. त्यांतलाच हा एक.

आणि वाजवणारे कोण? बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तेव्हा तिशीच्या आतले, कटक आकाशवाणीवरून मुंबई आकाशवाणीवर आलेले. सरोदवर आशिष खान, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. शिवाय पखवाज, शहनाई, हार्मोनियम. ‘वंडरवॉल’च्या तुकड्यांत तर शिवकुमार शर्मांचं संतूर आणि चंद्रशेखर नारिंग्रेकरांचं सुरबहारही आहे.

हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकत होता, आधीच्या गाण्यांत त्याने ती वाजवलीही होती. इथे मात्र त्याने एकाही वाद्याला हात लावला नाही. जाणकारांना वाजवू दिलं आणि स्वतः फक्त गायला. मला यात त्याचं मोठेपण दिसतं. त्याच्या भारतीय वळणाच्या गाण्यांत हे मला सर्वांत सरस वाटतं, तेही याचमुळे.

शब्दांचा धागा केंब्रिजमधले संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांच्याकडून आला. गीता आणि उपनिषदं इंग्रजीत आणणारे हे गृहस्थ. ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या एका प्रकरणाला चाल लावा, असं त्यांनी हॅरिसनला सुचवलं होतं. दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं, असा त्याचा आशय. फेब्रुवारीत लंडनच्या स्टुडिओत गायची वेळ आली तेव्हा हॅरिसन, हा भला माणूस, कचरला! गटातल्याच पॉल मॅकार्टनीने धीर दिला. मग शेवटच्या ओळीला पॉल आणि गटातलाच जॉन लेनन यांनी सूर मिळवला, आणि त्यानंतर काही दिवसांतच मंडळी ऋषिकेशला निघाली. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ.

गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. सुरुवातीला सरोद, शहनाई आणि पखवाज जोरात धावतात, तेवढ्यात सगळं निवतं आणि आवाज येतो. तिथे कान द्या. आपल्याकडे भावगीताला साथ करतात तशी हार्मोनियम आणि बासरी गायकाला धरून चालतात, कुठेही पुढे पुढे करत नाहीत.

आज आपण हे दोनदा ऐकणार आहोत. आधी तबकडीवरचं मूळ गाणं. मग २०१८ मध्ये बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’ या गाण्यांच्या संग्रहाच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या संचातलं, गाण्याशिवाय नुसत्या वाद्यांचं, फोर्टातल्या त्या स्टुडिओतलं मुद्रण. त्यात हरिजींची बासरी अगदी मोकळी ऐकू येते.