मिठाला पाणी सुटतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत चमचा चिकटायला लागतो आणि कडेला पाणी दिसतं. हवा सर्द झाली असं म्हणत आपण झाकण घट्ट लावतो. आज मला हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या स्वस्तातल्या सेन्सरबद्दल बोलायचं आहे. त्यांच्या आकड्यावर कितपत विसंबावं, याचा निकाल ती मिठाची बरणीच लावते.

दोन वर्षांपूर्वी मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी ठेवून गावठी कोंबडीची २४ अंडी उबवायला ठेवली. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येतं. पहिले १८ दिवस खोक्यात आर्द्रता साधारण ५० ते ५५ टक्के ठेवतात आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात. माझा सेन्सर ६६ दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. एकविसाव्या दिवशी पंधरा पिल्लं बाहेर आली. तीन अंड्यांत मुळात काही धरलंच नव्हतं. राहिलेल्या सहांत पिल्लांनी टोच मारून टरफलाला भोक पाडलं होतं, पण त्यापुढे ती सरकली नाहीत. दुसऱ्या दिवशी टरफल काढून पाहिलं, तर आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिसांना घट्ट चिकटला होता. ती सहा पिल्लं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

तेव्हा मी पहिल्यांदा घरातले तीन सेन्सर एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले. हवा एकच, खोली एकच. एकाने दाखवलं ७१, दुसऱ्याने ७९, तिसऱ्याने ८६. तो तिसराच खोक्यात होता.

श्रोतेहो, यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. निळ्या जाळीदार डबीतला जो सर्वांत स्वस्त सेन्सर मिळतो, डीएचटी ११, त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की आर्द्रता पाच टक्के इकडे किंवा तिकडे होऊ शकते. म्हणजे त्याने ६० दाखवलं, तर खरा आकडा ५५ ते ६५ यांत कुठेही असू शकतो. त्याचा पांढरा भाऊ डीएचटी २२ साधारण दोन टक्क्यांची हमी देतो, आणि बीएमई २८० हा चिमुकला सेन्सर तीन टक्क्यांची. ही हमी नव्या, स्वच्छ सेन्सरची. पडद्यावर ६६.४ दिसलं की दशांशापुढच्या त्या चारामुळे आपल्याला वाटतं, केवढं बारीक मोजलंय! आकडा बारीक असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. दोन टक्क्यांच्या चुकीपुढे त्या चाराला काही अर्थ उरत नाही.

बहुतेक सेन्सरच्या पोटात एक पातळ पॉलिमरचा थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो, त्याची विद्युत धारिता, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, बदलते, आणि त्यावरून टक्के काढले जातात. या थराला वाफेखेरीज बाकीचंही बरंच काही चिकटतं: अगरबत्तीचा धूर, फोडणीतलं तेल, रंगाचा, थिनरचा, गोंदाचा वास. कोकणातल्या चार महिन्यांसारख्या सततच्या ओलीत राहिला तर तो काही टक्के जास्त दाखवायला लागतो. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवला की बऱ्याच वेळा पूर्वपदावर येतो.

यापेक्षाही मोठा घोटाळा उष्णता करते, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. आपण मोजतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ आत्ता आहे. हवा तापली की वाफ तेवढीच राहूनही टक्के घसरतात. पहाटे २२ अंशांना ९० टक्के असलेली हवा दुपारी ३४ अंशांना पोचली, तर त्याच वाफेचे ४५ टक्के होतात. आता सेन्सर वायफायच्या बोर्डाला चिकटवून एकाच डबीत बंद केला आणि तो दोन अंशांनी तापला, तर ३० अंशांची ८० टक्के आर्द्रतेची हवा तो ७१ टक्क्यांची म्हणून सांगतो. सेन्सर धडधाकट असतो, त्याची जागा चुकलेली असते. म्हणून तो बोर्डापासून वीतभर लांब, वायरीवर लोंबता ठेवा. अंड्यांच्या खोक्यात तो बल्बजवळ नको, अंड्यांच्या उंचीवर हवा.

आता मिठाकडे येऊ. शुद्ध मीठ हवेतलं पाणी साधारण ७५ टक्क्यांच्या वर ओढून घेतं, त्याखाली कोरडं राहतं. खडेमिठाला त्याआधीच पाणी सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. याचा उलटा फायदा असा, की ओलं मीठ बंद डब्यात ठेवलं, तर आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. २० अंश असोत की ३०, आकडा अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त हलत नाही. प्रयोगशाळांतही सेन्सर तपासायला अशी क्षारांची संपृक्त द्रावणं, म्हणजे ज्यांत आणखी क्षार विरघळत नाही अशी, वापरतात.

करायचं असं. बाटलीच्या झाकणात पिशवीतलं बारीक पांढरं मीठ घ्या, खडेमीठ नको. त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. सगळं विरघळता कामा नये, मिठाचे कण दिसलेच पाहिजेत. ते झाकण हवाबंद बरणीत ठेवा आणि सेन्सर मिठाला न टेकता वर लोंबू द्या. वायर जिथून बाहेर येते ते भोक मेणाने बुजवा. बरणी ऊन, पंखा, चूल यांपासून लांब ठेवून रात्रभर हात लावू नका. आकडा घाईत बघितला तर हमखास चुकतो, कारण आतली हवा स्थिरावायला वेळ लागतो. सकाळी जो आकडा दिसेल, त्याचा ७५ शी फरक म्हणजे तुमच्या सेन्सरची चूक. कोरड्या बाजूची खात्री करायची असेल, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून डबा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असेल, तर तोच प्रयोग मॅग्नेशियम क्लोराइड वापरून करा. तिथे आकडा ३३ यायला हवा. एका टोकाला सापडलेली चूक दुसऱ्या टोकाला तेवढीच असेल असं नाही.

माझ्या तीन सेन्सरनी बरणीत दाखवलं ६८, ७६ आणि ८२. म्हणजे पहिला सात टक्के कमी सांगतो, दुसरा एक जास्त, तिसरा सात जास्त. टेबलावरचे ते आकडे या हिशोबाने दुरुस्त केले, तर झाले ७८, ७८ आणि ७९. स्वस्तातला सेन्सर टाकाऊ नसतो, श्रोतेहो. एकदा त्याचा कल कळला की तो चांगली सोबत करतो. खोक्यातले ते ६६ टक्के प्रत्यक्षात ५९ च्या आसपास असणार. पिल्लं निव्वळ त्यामुळेच अडकली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वाळलेला तो पापुद्रा मी हाताने सोलला आहे.

आता प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर मी कागदी पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर पेनाने चूक आणि तपासल्याची तारीख लिहितो. पाऊस लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ती पट्टी बदलते. तिसऱ्या सेन्सरच्या पट्टीवर सध्या लिहिलं आहे, नऊ वजा करा.